उपग्रहाच्या खाली उभा राहणारा माणूस

रविवार, १५ नोव्हेंबर २००९, अकोला. सकाळी धुके, साडेआठला ऊन. कामाच्या शकुनचा पाय मुरगळला आहे, भांडी मीच घासली. साडेदहाला अब्दुल रहीम आले. चहा नको म्हणाले. उद्या पातूरला पैसेवारीच्या हरकतीची सुनावणी. त्यांच्या वह्या आणि माझ्या हातच्या प्रती एका पिशवीत बांधल्या. ७ ऑक्टोबरचे पान त्यांनी तीनदा काढून पाहिले.

ही नोंद मी जशीच्या तशी उतरवली आहे. यातले अब्दुल रहीम कोण, आणि त्या पानात असे काय होते, ते आता सांगते.

रहीमभाई पातूरचे. माझे यजमान अकोल्यात कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर होते, तेव्हापासूनची त्यांची ओळख. सरकारी कापूस खरेदीच्या काळात ते केंद्रावर ग्रेडरच्या हाताखाली काम करत. चिमूटभर कापूस दोन हातांनी ओढून धाग्याची लांबी सांगत, आणि ती बहुधा बरोबर निघे. खरेदी आटली तसे ते काम गेले. २००६ साली उपग्रहावरून कापसाचे पीक मोजण्याचा एक सरकारी प्रकल्प आला आणि त्याला पातूर तालुक्यात जमिनीवरचा एक माणूस हवा होता. रहीमभाई तो माणूस झाले. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते.

काम असे होते. उपग्रह दर चोविसाव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जाई. वरून त्याला हिरवे दिसते, पण ते हिरवे म्हणजे कापूस आहे, तूर आहे की नुसते गवत, हे त्याला समजत नाही. म्हणून त्याच सकाळी कोणीतरी खाली शेतात उभे राहून ते लिहायचे. चार गावांतली बारा शेते ठरवून दिलेली होती. रहीमभाई लुनावरून एकेक शेत गाठत, बांधापासून दहा पावले आत चालत, तेवढ्यातली झाडे मोजत, त्यांची उंची आणि बोंडे बघत, तण किती ते बघत, आणि खिशातल्या वहीत उर्दूत लिहीत. पुढे पाठवायचे फॉर्म इंग्रजीत होते. म्हणून रविवारी ते माझ्याकडे येत, वही वाचून दाखवत आणि मी फॉर्म भरून त्याची एक प्रत ठेवून घेई. माझी नन्सच्या शाळेतली अक्षरे तेवढ्यासाठी उपयोगी पडली.

बारापैकी अकरा नंबरचे शेत खुशालरावांचे. उपग्रहाच्या दिवशी हे गृहस्थ इस्त्रीचे धोतर नेसून बांधावर हजर.

“रहीमभाऊ, फोटोत मी येतो का नाई?”

“तुमच्यासारके शंभर उभे केले तरी एक ठिपका व्हत नाई, खुशालराव.”

“मंग काय फायदा बाप्पा? मी त दाढी करून आलो.”

अशी तीन वर्षे चांगली गेली. २००९च्या जूनमध्ये एक पत्र आले. रहीमभाईंनी ते माझ्यापुढे ठेवले. मी वाचून सांगितले की प्रायॉरिटी बदलल्या आहेत, त्यामुळे जमिनीवरची पाहणी या वर्षापासून बंद.

“प्रायॉरिटी म्हंजे काय, बाई?”

“आधी काय करायचं आणि मागून काय, ते.”

“मंग आता आदी काय हाये?”

पत्रात तेही होते. अमरावतीला ‘अंतराळ दालन’ उभारायचे होते. आमच्या भागातले एक वजनदार पुढारी, ज्यांना सगळे नुसते ‘भाऊ’ म्हणत, त्यांनी दिल्लीला खेटे घालून पाहणीचा निधी जनजागृतीकडे वळवला होता. आदल्या वर्षी आपले यान चंद्राकडे गेले, तेव्हापासून आकाशाची हौस सगळ्यांना होती. मलाही होती. यानाचे उड्डाण मी टीव्हीवर उभी राहून पाहिले आणि त्या दिवशीच्या नोंदीत त्याखाली दोन रेघा मारल्या. पण ते वेगळे आणि हे वेगळे. दालनात काचेची चार कपाटे, ग्रहांचे तक्ते आणि दारात फायबरचे बावीस फुटी रॉकेट. पायथ्याशी रॉकेटचे नाव लहान आणि भाऊंचे मोठे.

वेगवेगळ्या तालुक्यांत असे काम गेलेल्या बाराजणांना दालनात नोकरी देऊ असे भाऊ म्हणाले होते. मिळाली तिघांना. त्यात रहीमभाई होते. मुलगी उज्मा अमरावतीलाच दिलेली, तिच्याकडे आठवडाभर राहत आणि सोमवारी दालनाला सुट्टी, म्हणून रविवारी संध्याकाळी पातूरला जात. दालनातले काम त्यांना मनापासून आवडे, हे लिहिले पाहिजे. मी एकदा पाहायला गेले होते. शाळेची पोरे त्यांच्याभोवती गोळा झालेली.

“आजोबा, चंद्रावर कापूस होते का?”

“व्हईन ना. पन भाव नाई भेटनार.”

त्या वर्षी पाऊस जून-जुलैत आलाच नाही. पातूरकडे कापूस दोनदा लावला, दोनदा वाळला. मग सप्टेंबरात बरसला, तेव्हा मेलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, मधून केना आणि गाजरगवत मांडीएवढे वाढले. निंदायचे कशासाठी? पीकच नव्हते. ऑक्टोबरात उपग्रहाने पाहिले तेव्हा तालुका हिरवागार होता.

आणि रहीमभाई खाली उभे होते. काम बंद झाले, पगार बंद झाला, तरी ऑगस्टचा दिवस, सप्टेंबरचा दिवस, सगळे त्यांनी पाळले होते आणि माझ्याकडून प्रतीही लिहून घेतल्या होत्या. मी विचारले, कशाला?

“कशाले म्हंजे? उपग्रह त येऊनच राह्यला ना, बाई. त्याले कोनं सांगतलं का, बंद कर म्हनून?”

पैसेवारी म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज. पन्नास पैशांच्या खाली आली तर गाव टंचाईत धरतात. मग मुलांची परीक्षा फी माफ होते, शेतीच्या वीजबिलात सूट मिळते, शेतसारा थांबतो. ऑक्टोबरअखेर आकडा लागला तो चोपन्न. सोबत पुरावा म्हणून उपग्रहाचा हिरवा नकाशा. भाऊ एका सभेत म्हणाले की चंद्रावर पाणी शोधणाऱ्या देशाचा उपग्रह खोटे बोलत नाही. तसा तो बोललाही नव्हता. त्याला गवत दिसले आणि ते कापूस नाही हे सांगणारा माणूस त्यांनीच कमी केला होता.

खुशालरावांनी चारही गावांच्या वतीने हरकत घेतली आणि रहीमभाईंच्या वहीचे नाव दिले. शनिवारी दालनाच्या व्यवस्थापकांनी रहीमभाईंना बोलावून सांगितले की पातूरच्या भानगडीत पडायचे असेल तर पुन्हा इकडे येऊ नका. म्हणूनच रविवारी दालनात न जाता ते माझ्याकडे आले.

एवढेच असते तर पिशवी बांधताना ते पान तीनदा निघाले नसते. सात ऑक्टोबर बुधवार होता. त्यांनी रजा मागितली, मिळाली नाही. मग मंगळवारी संध्याकाळीच त्यांनी हजेरीपटात बुधवारची सही करून टाकली आणि पहाटेच्या गाडीने पातूर गाठले. दिवसभर कोणी विचारले नाही; निवडणूक तोंडावर होती आणि आचारसंहितेमुळे भाऊंच्या नावावर कागद चिकटवलेला, दालनात कोणी फिरकत नव्हते.

“ते पान दाखवलं त सही निंगते,” ते म्हणाले. “नाई दाखवलं त हिरवं गवत कापूस ठरते.”

“बिल्कीस काय म्हणते?” मी त्यांच्या बायकोचे विचारले.

“ते म्हनते, सही करताना मले इचारलं होतं का?”

मी काही सल्ला दिला नाही. नोंदीत तसे लिहिले आहे.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर एसटीने गेले, कारण प्रतींवर अक्षर माझे होते. हरकती ऐकायला आलेले साहेब तरुण होते, मराठवाड्याकडचे, सर्दीने बेजार. त्यांनी वही चाळली, माझ्या प्रतीशी ताडून पाहिली, मग फाइलमधून एक कागद काढला.

“हे दालनाचं पत्र. सात तारखेला तुम्ही अमरावतीत कामावर हजर होता. ही तुमचीच सही ना?”

खोलीत वीसएक माणसे होती. खुशालराव माझ्या शेजारी बसलेले, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“सही माहीच हाये, साहेब,” रहीमभाई उभे राहून म्हणाले. “पन मी तती नोतो. आदल्या दिवशी करून ठेवली होती.”

“म्हणजे खोटी सही.”

“हो.”

“मग एक खोटं करणाऱ्याची वही मी खरी कशी धरू?”

मागून कोणीतरी हसले. रहीमभाईंनी वही साहेबांच्या पुढून उचलली नाही. म्हणाले, “नका धरू. वही तुमच्यापाशीच राहू द्या. कोनतं बी पान काढा, कोनत्या बी वावरात चाला. गवत वाळलं असंन, पन मेल्ली पऱ्हाटी कुटी जात नाई. तुमीच मोजा. मी बांधावर उभा राहतो.”

साहेबांनी नाक पुसले आणि घड्याळ पाहिले. मग डोळे न उचलता म्हणाले, “अकरा नंबर.”

“ते माहंच हाये!” खुशालराव एकदम उठले. “चाला, चाला. पानी-गिनी घेता का, साहेब?”

जीपमध्ये मला पुढे बसवले. शेतात गवत कमरेला लागत होते, वाळून तपकिरी झालेले. बांधाचा दगड दाखवून रहीमभाई मागे थांबले. साहेब दहा पावले आत गेले, गवत दोन्ही हातांनी बाजूला करत. त्यांच्या पँटला कुसळे चिकटली. मी लहानपणापासून परीक्षेच्या निकालाला जशी बसते तशी जीपच्या पायरीवर बसले होते.

“वहीत नऊ आहेत,” साहेब तिथून ओरडले. “मला आठच सापडली. सगळी वाळलेली. दोन बोंडं एकूण.”

खुशालराव राहवेना म्हणून आत घुसले, वाकून शोधू लागले आणि बोटाएवढा एक खुंट दाखवत म्हणाले, “हे पाहा साहेब, नववं! बकरीनं खाल्लं. तिले काय माहीत, सरकारी झाड हाये म्हनून.”

साहेब हसले, मग शिंकले. त्यांनी आणखी तीन शेते पाहिली. प्रत्येक ठिकाणी स्वतः मोजले. एका शेतात वहीपेक्षा दोन झाडे जास्त निघाली. तेही त्यांनी लिहून घेतले.

आठवड्याभरात निकाल आला. चार गावांची पैसेवारी सत्तेचाळीस. नकाशातले हिरवे म्हणजे तण, असे कारण त्यात स्पष्ट लिहिले होते. बाकी तालुका चोपन्नवरच राहिला, कारण त्यांच्याकडे वही नव्हती. खुशालरावांनी गावात पेढे वाटले. पण शेजारच्या गावची माणसे रहीमभाईंना बाजारात अडवून विचारत, “आमच्या शिवारात काहून नाई उभा राह्यला रे?”

“मले बाराच वावरं देल्ले होते, भाऊ,” ते म्हणत. हे सांगताना त्यांचा चेहरा पडे.

दालनाचे पत्र गुरुवारी आले. रविवारी, २९ नोव्हेंबरला, म्हणजे बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. सोबत बिल्कीसने दिलेला फिरनीचा डबा. मी पत्र वाचले. हजेरीपटात खोटी सही केल्याबद्दल सेवा समाप्त.

“चूक हाये का त्यात काई?” त्यांनी विचारले.

“इंग्रजीची एक आहे. बाकी नाही.”

“मंग झालं.” मग म्हणाले, “पोरं येत जाईन तती. तेवढंच वाईट वाटते. माह्या जागी आनलेला तो रंगारी पोट्टा त्याइले शनीचं कडं बी नीट नाई सांगनार.”

मंगळवारपासून अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये त्यांना काम मिळाले होते. हंगामापुरते, कापूस हाताने पाहून वेगळा करायचे. उपग्रहाचे पुढचे दिवस पाळणार का, असे मी विचारले. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. जिनिंगला रजा नसते, आणि आता आदल्या दिवशी सही ते करणार नाहीत. वह्यांची पिशवी त्यांनी परत मागितली नाही, मीही दिली नाही. आम्ही फिरनी खाल्ली. सहाच्या गाडीने ते गेले.

त्या संध्याकाळच्या नोंदीतली शेवटची ओळ: मागच्या दाराची कडी सैल झाली होती, रहीमभाईंनी जाण्याआधी बसवून दिली, दोन स्क्रू नवे लागले.