घशाला न लागणारा चिरूट

माझं नाक फार तिखट होतं आणि लहानपणी मला त्याचा गर्व होता. ठाण्याला माहेरी असताना शेजारी फोडणी पडली की ती हिंगाची की लसणाची, हे मी आमच्या ओटीवरून सांगत असे. मला बघायला कल्याणची मंडळी आली, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी ना गाणं म्हणायला लावलं, ना रांगोळी काढायला. पदराच्या गाठीतून हिंगाचे दोन खडे काढले आणि म्हणाल्या, "यातला खरा कुठला, सांग बरं मुली." मी झटक्यात सांगितलं. वर दुसऱ्यात डिंक घातलाय, हेही सांगितलं. सगळे कौतुकानं हसले, सुपारी फुटली. नाक वर करून मिरवायची हौस मला अशी भोवली.

सासऱ्यांचं कल्याण स्टेशनाबाहेर चिरुटांचं दुकान होतं. रेल्वेचे गोरे गार्ड आणि ड्रायव्हर हे त्यांचं गिऱ्हाईक. बड्या साहेबांचे चिरूट या लोकांना परवडत नसत, आणि दिवसभर इंजिनाचा धूर खाल्ल्यावर कडक चिरूट सोसवतही नसे. त्यांना स्वस्त हवा आणि घशाला न लागणारा हवा. असा माल मद्रासेकडून पेट्यांतून येई, त्यात बरावाईट सगळाच असे. तो पारखून घेण्यात मामंजींचा हात धरणारा कोणी नाही, असं गाव म्हणे. खरं म्हणजे तपकीर ओढून ओढून मामंजींच्या नाकाचं केव्हाच लाकूड झालं होतं.

सासरी नांदायला आले आणि थोड्याच दिवसांत सासूबाईंनी मला न्हाणीतल्या चुलीपाशी बसवलं, मागलं दार लावलं आणि हातात चिरूट दिला. धुरात धूर मिसळला की शेजाऱ्यांना कळत नाही, म्हणून ती जागा. मी रडले. चांगल्या घरच्या बायकांनी हे करायचं का, म्हणून विचारलं.

"मग कोणी करायचं?" सासूबाई म्हणाल्या. "बाहेरचा माणूस ठेवला तर उद्या समोर दुकान थाटेल. माझी जीभ आता गेली. तू बस."

नवरा मुंबईला नोकरीला, महिन्याकाठी यायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "आईला विचार."

बसले. आणि शिकले. चिरूट आधी दोन बोटांत दाबायचा. दगडासारखा लागला तर धूर ओढला जात नाही, भसकन दबला तर आत पोकळ. मग न पेटवता हुंगायचा. नीट मुरलेल्या पानाला सुक्या गवताचा गोडसर वास असतो, ओल खाल्लेल्याला गोणपाटाचा. मग पेटवून धूर तोंडात घोळवायचा, गिळायचा नाही. राख पांढुरकी आणि न झडता टिकली तर उत्तम. पण सुरुवातीला सगळेच चिरूट सोज्वळ असतात, खरा स्वभाव निम्म्यापुढे कळतो. तिथेही जिभेला चटका नाही, घशात खवखव नाही, तर तो आमचा. मग मी लवंग चावायची, डोक्यावरून पाणी घ्यायची आणि स्वयंपाकाला लागायची. हे काम मला हळूहळू आवडू लागलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येई.

कारण त्या कामानं मला बांधून घातलं होतं. पेट्या कधी येतील याचा नेम नसे, म्हणून मी माहेरी कधीच जायचं नाही. चिरूट एवढा मुलूख ओलांडून आमच्या मागल्या दारी येत होता, आणि मला कल्याणहून ठाण्याला जाता येत नव्हतं. आगगाडीची शिटी ऐकू आली की जीव नुसता कासावीस व्हायचा. सासूबाई मात्र दर नागपंचमीला डोंबिवलीला आपल्या माहेरी जात. या वयात नव्या नवरीसारखी गाठोडं बांधायची त्यांची लगबग पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

तशात माझी आई अंथरुणाला खिळली. दादा मूळ घेऊन आला, म्हणजे मला न्यायला. मामंजी म्हणाले, "माल यायचाय. पुढल्या खेपेला पाठवू." दादा परत गेला. पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला. तिसऱ्यांदा आला तो ओटीवर बसला आणि पागोटं गुडघ्यावर ठेवून हळूच म्हणाला, "आई सारखी तुझं नाव घेते गं. आता उशीर नको."

नेमक्या त्याच सकाळी पेट्या आल्या होत्या. "एवढा माल बघून होऊ दे," मामंजी म्हणाले.

मी न्हाणीत गेले. चिरूट पेटवला, निम्म्यापर्यंत ओढला आणि म्हटलं, "मला काही कळत नाही. पडसं झाल्यापासून वासच गेलाय."

मामंजींनी हिंगाची डबी माझ्या नाकाशी धरली. दर्प थेट मस्तकात गेला. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी दात आवळून बसले.

"वास नाही, मग डोळे का भरले?" ते म्हणाले. "दादाला सांगतो, पुढल्या महिन्यात ये."

मी संपले. आई गेल्यावरच मी ठाणं बघणार, हे मला तिथे चुलीपाशी स्पष्ट कळलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, माझ्या बोटांतून चिरूट काढून घेतला आणि ओढला. धूर तोंडात घोळवला, अगदी मी घोळवायची तसा. मग म्हणाल्या, "सुरुवात गोड आहे, शेवटाला तिखट. घशाला लागतो. ही पेटी परत धाडा."

त्यांचा निवाडा बरोबर होता. मामंजी बघतच राहिले. "तुझी जीभ गेली होती ना?"

"आली परत." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी या चुलीपाशी बसले तेव्हा माझीही आई आजारी होती. मूळ आलं तसं परत गेलं. जा, गाठोडं बांध."

आईजवळ मी शेवटपर्यंत होते. माझा हात हुंगून ती म्हणाली, "लवंगेचा वास येतो गं तुझ्या हाताला." मी हो म्हटलं.

दिवसकार्य उरकून परतले तेव्हा श्रावण लागला होता आणि नव्या पेट्या येऊन पडल्या होत्या. सासूबाई न्हाणीत होत्या, मागलं दार लावलेलं. मी चुलीपाशी बसले आणि चिरुटासाठी हात पुढे केला.

"पंचमी परवावर आली," मी म्हटलं. "तुम्ही गाठोडं बांधा."