मावसाजींचा दूरचा गोतावळा

पृथ्वीच्या पाठीवर कुठंही जमीन हलली, नदी फुगली किंवा तोफ डागली गेली, की तिचा पहिला हादरा जानेफळला आमच्या मावसाजींच्या भांड्यांच्या दुकानाला बसतो, याबद्दल आमच्या नात्यागोत्यात दुमत नाही. मावसाजी म्हणजे माझ्या मधल्या मावशीचे यजमान. सत्तरीच्या घरातले, पांढरा सदरा, आणि मोबाइल नाकापासून वीतभर अंतरावर धरलेला. अकोल्याला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आणि जालन्याला एका लग्नासाठी, एवढाच त्यांचा जिल्ह्याबाहेरचा प्रवास. पण मोबाइल हातात आल्यापासून त्यांचा गोतावळा समुद्रापलीकडे पसरला. दुकान आता मुलगा चालवतो. मावसाजी गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसून जगाची काळजी चालवतात.

दुकानात कुकर घ्यायला आलेल्या बाईला ते म्हणत, "ताई, कुकर कुठं पयून जाते? आधी हे पाहा." मग मोबाइलमध्ये कुठल्याशा देशातली छपरावर चढून बसलेली माणसं दाखवत. बाई पदरानं डोळे पुसून, कुकर न घेताच घरी जाई. मुलानं कपाळावर हात मारला, की मावसाजी म्हणत, "तिले भूक नाही राह्यली आता, कुकर काय करते?" एका साली समुद्रापलीकडे लढाई पेटली, तेव्हा त्यांनी दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे नेऊन तिथली वेळ लावली. "तिथं आता सकाळ हाय, लेकरं उठले असतीन," असं ते भर दुपारी कोणालाही सांगत. त्या घड्याळाच्या भरवशावर बसलेल्या एका पाहुण्याची मेहकरची एसटी चुकली आणि तिथला साखरपुडा आटोपल्यावर तो पोचला. पुढची गाडी येईपर्यंत मावसाजींनी त्याला चहा पाजला, आणि अर्थातच लढाई दाखवली.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तर त्यांचा फार धाक. मावशीच्या साठाव्या वाढदिवसाला सकाळपासून केक, फुलं, हात जोडलेल्या बाहुल्या यांचा नुसता पाऊस पडत होता. त्यात मावसाजींचा एकच संदेश: एक वाहून जाणारं घर, आणि खाली 'ज्याच्यात माणुसकी आहे तोच पुढे पाठवेल'. त्यानंतर कोणाची फुलं टाकायची हिंमत झाली नाही. मावशी मला फोनवर म्हणाली, "माह्या वाढदिवसाले यायनं पूर आनला पाह्य! घरातला नळ महिनाभर टपटप करून राह्यला, तो दिसत नाही यायले."

मी बुलढाण्याला कॉलेजात शिकवतो. शिकवणाऱ्या माणसाला शंका काढायची खोड असतेच. एकदा मी त्यांना विचारलं, "मावसाजी, तुम्ही इथून बोट दाबल्यानं तिथल्या माणसाला नेमकं काय पोचतं?" ते म्हणाले, "मले काय मालूम? पन नाही दाबलं, तर काहीच पोचत नाही, हे मालूम हाय." दुसऱ्यांदा मी पुरावाच घेऊन गेलो. ढिगाऱ्याजवळ रडणाऱ्या एका मुलीची चित्रफीत त्यांनी आठवडाभर गावभर फिरवली होती. ती कित्येक वर्षांपूर्वीची, आणि भलत्याच देशातली निघाली. मी ते त्यांना मोबाइलवर दाखवलं. वाटलं, ओशाळतील. ते बराच वेळ त्या मुलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काऊन बे, देश दुसरा निंगाला म्हून तिचं रडनं खोटं झालं काय?" विषय बदलून मी मावशीला चहा मागितला.

मग एका उन्हाळ्यात आमच्याकडेच वादळ आलं. दुपारी आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. मावसाजींच्या गोदामाचे पत्रे उडाले, थोडी भांडी चेपली. बाकी त्यांचं सिमेंटचं घर ठणठणीत होतं. खरी दैना झाली ती नाल्यापलीकडच्या वस्तीची. तिथली बहुतेक घरं पत्र्याची. कोणाचे पत्रे शेतात सापडले, कोणाचे सापडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून एक तरुण आला, गावभर चित्रण करत फिरला. मावसाजी तेव्हा गोदामापुढं एक चेपलेला हंडा हातात घेऊन उभे होते. प्रत्यक्षात ते मुलाला ओरडत होते, की हा हंडा ठोकून सरळ होईल, भंगारात टाकू नको. पण त्या तरुणानं आवाज काढून टाकला, करुण सनई घातली, आणि खाली लिहिलं: 'या आजोबांचं सारं काही गेलं.'

ती चित्रफीत दोन दिवसांत कुठल्या कुठं गेली. मला पुण्याहून एका मित्रानं पाठवली, 'तुमच्या भागातले आहेत, बघ' असं लिहून. इतकी वर्षं ज्यांनी दुसऱ्यांची संकटं पुढं पाठवली, ते मावसाजी आता स्वतः पुढं पाठवले जात होते.

आणि मदत सुरू झाली. टेम्पो आले, छोटे ट्रक आले. चित्रफितीत चेहरा मावसाजींचा होता, म्हणून सगळं त्यांच्याच दारात उतरलं. मी गेलो तेव्हा मावशी ओसरीवर गाठोडी सोडत बसली होती. उंच टाचांच्या चपला, टिकल्या जडवलेले ब्लाउज, ऐन उन्हाळ्यात लोकरीचे कोट, एक शेरवानी, आणि बिस्किटांचे खोकेच्या खोके. "हे घालून मी वावरात निंदाले जाऊ काय?" मावशीनं एक चंदेरी चप्पल वर धरून विचारलं. त्या साली जानेफळच्या वावरांत बुजगावणीसुद्धा सूट-कोटात उभी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मावसाजींनी बिस्किटं नि कपडे टेम्पोत घातले आणि वस्तीवर नेले. मीही सोबत होतो. तिथं पार्वताबाई नावाची मजुरी करणारी बाई होती. नवरा वारलेला, सासू अंथरुणावर. चार भिंती उभ्या होत्या आणि वर नुसतं आभाळ. सासूच्या खाटेवर साडी ताणून तिनं सावली केली होती. मावसाजींनी खोका पुढं केला. तिनं तो घेतला नाही. आवाज न चढवता ती म्हणाली, "शेठजी, बिस्किटानं घर शाकारता येते काय? पानी तोंडावर आलं. तुमच्या फोटोवर आलं ते तुमीच ठेवा." मावसाजींनी खोका खाली ठेवला आणि ते टेम्पोकडे वळले.

घरी येऊन त्यांनी मदत पाठवणाऱ्यांना फोन लावले. पत्रे पाठवा म्हणाले. एकानं सांगितलं, आमची मोहीम फक्त धान्याच्या पिशव्यांची आहे. दुसरे लोक पिशव्या घेऊन आले, सोबत कापडी फलक. त्यांनी मावसाजींना फलकामागं उभं केलं आणि फोटो काढणारा म्हणाला, "आजोबा, थोडं दुःखी दिसा ना." मावसाजींनी प्रयत्न केला. तो चेहरा मी विसरणार नाही. दुःखी माणूस दुःखी दिसायचा प्रयत्न करत होता. ते लोक गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. "बे, त्या ढिगाऱ्याजवळच्या पोरीले मी असंच पाह्यलं असन काय? तिले काय पायजे होतं, हे कोनी इचारलंच नसन."

तीन-चार दिवसांनी एक फोन आला. केरळात समुद्रकाठी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा; चित्रफितीखाली कुणीतरी दुकानाचा नंबर लिहिला होता, त्यावरून. त्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होत्या. काही वर्षांपूर्वी त्यांचं स्वतःचं घर पुरात बुडालं होतं. "तब हमको बहुत साडी मिला," त्या म्हणाल्या, "लेकिन हमको झाडू चाहिए था. इसलिए पूछती हूँ. आपको क्या चाहिए?"

मावसाजी आपल्या हिंदीत म्हणाले, "मेरेको कुछ नहीं होना बाई. मेरा सब ठीक है, वो व्हिडिओ झूठा है. नाले के उधर के लोगों को पतरे होना." पलीकडून आधी हसू आलं, मग वस्तीची चौकशी झाली. कोणाकडं म्हातारं माणूस आहे, कोणाकडं तान्हं मूल आहे, असं सगळं बाईंनी विचारून घेतलं. त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी मेहकरच्या एका पत्र्याच्या दुकानदाराशी परस्पर बोलून व्यवहार केला. पाऊस पडायच्या आत पत्रे आले. सगळ्या वस्तीला पुरले नाहीत. काही घरांना सरकारी मदतीची वाट पाहावी लागली. पण पहिलं छप्पर पार्वताबाईच्या घरावर चढलं, आणि ते चढवताना मावसाजी खाली उभे राहून सगळ्यांना नको त्या सूचना देत होते. पार्वताबाईनं त्यांना चहा दिला. "बसा शेठजी," ती म्हणाली, "वर पाहू पाहू मान दुखन."

त्या चित्रफितीनं मदत झाली की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. तिच्यात धड एक गोष्ट खरी नव्हती. तिनंच चंदेरी चपला आणल्या, आणि त्या बाईही तिनंच आणल्या. ती पाहून हळहळलेल्या असंख्य माणसांत विचारणारी एकच निघाली. पण चित्रफीत पाहिली नसती, तर त्या बाईंनी तरी कुणाला विचारलं असतं?

त्यानंतर ग्रुपवर मावसाजींचे संदेश थांबले. वाढदिवस निर्धास्त साजरे व्हायला लागले. मावशी म्हणते, बातम्या ते अजूनही पाहतात, पण गप्प बसतात. मध्यंतरी दूरच्या एका डोंगराळ देशात भूकंप झाला, गावंच्या गावं पडली. दुपारी त्यांचा फोन आला.

"तिथं आपल्या वळखीचं कोनी हाय काय?" त्यांनी विचारलं. "कोनी शिकाले गेलेलं, नोकरीले गेलेलं? तुह्या कालेजात इचारून पाह्य."

मी विचारलं. स्टाफरूममध्ये, जुन्या विद्यार्थ्यांत, मित्रांच्या मुलांत. कोणीच निघालं नाही. संध्याकाळी मी त्यांना तसं कळवलं. फोनमधून दुकानातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"एवढे मानसं तिथं," ते म्हणाले, "अन् आपल्याले वळखीचं एकबी नाही. मग काय पायजे म्हून इचारावं कोनाले?"

त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मलाही ठेवता आला नाही.