म्हाळूचं पोट

हरिबाचा कुणावर विश्वास नव्हता आणि त्यात काही गैर आहे असं त्याला कधी वाटलंही नाही. मेंढक्यानं विश्वास ठेवला की लांडग्याची दिवाळी होते, असं तो म्हणायचा. बाजारात दौंडचा खाटीक गोड बोलायला लागला की हा दोन पावलं मागं सरायचा. देवळात कुणी ओंजळ भरून प्रसाद दिला, तर याच्या मनात पहिला विचार यायचा की मागच्या माणसाचा कमी केला असणार.

या संशयाचं मूळ बाहत्तरच्या दुष्काळात होतं. हरिबा तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा, आईबरोबर खडी फोडायला जायचा. कामावर बाया-माणसं पार वाळून गेलेली, आणि मजुरांना सरकारी सुकडी खायला वाटणाऱ्या एकट्या माणसाला त्याच वर्षात पोट सुटलं. आईनं पोराला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "बघून ठेव. समदी वाळत्यात आन् एकच सुटतो, तवा त्यो दुसऱ्याचं खातोय." बाई खोटं बोलली नव्हती. फक्त हे त्या वर्षापुरतं खरं आहे, एवढं सांगायचं राहून गेलं.

पुढं आई गेली. हरिबा आणि धाकटा म्हाळू, दोघं भाऊ बायकापोरांसह मेंढरामागं हिंडू लागले. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, जेठ लागला की परत मांडवगण फराट्याच्या शिवारात. तिथं बापाची माळरान जमीन होती, तिच्यात कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. मग नव्वदीच्या सुरुवातीला शिवारात पाटाचं पाणी आलं आणि कुसळांच्या जागी ऊस उभा राहिला. उसाला माणूस लागतं, मेंढरालाही लागतं. भावांनी ठरवलं की म्हाळूनं घरी राहून ऊस बघायचा, हरिबानं मेंढरं न्यायची, आणि चूल एकच ठेवायची. पिकलेलं दोघांचं, विकलेलं दोघांचं.

ठरवताना म्हाळू भावासारखाच वाळका होता. पोट पाठीला चिकटलेलं आणि पिंढऱ्या दगडासारख्या.

दोन-तीन वर्षांनी एका जेठात हरिबा कोकणातून परतला. म्हाळू वस्तीच्या तोंडाशीच पाया पडायला वाकला, हरिबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मेंढराच्या अंगावर मास किती, ते पाठीच्या कण्यावर बोटं दाबून कळतं. हरिबाची बोटं सवयीनं कणा शोधू लागली. कणा सापडेना. त्यानं भावाला उठवून नीट न्याहाळलं. गाल वर आलेले, सदऱ्याची गुंडी पोटावर ताणलेली. आठ महिने पायपीट करून हरिबाच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या होत्या, आणि इकडे भाऊ फुगला होता.

"म्हाळू खातोय," तो आडवा झाल्यावर वच्छलाबाईला, आपल्या बायकोला, हळूच म्हणाला.

"खाणारच की. न खाता जगतंय कोन?"

"आपलं खातोय."

"आवं, बसून असत्यात भावजी. अंगाला लागलं आसंल."

"बसून कोन सुटतं व्हय? माळावरचा धोंडा जनमभर बसलेलाच हाय."

यावर वच्छलाबाईनं कूस बदलली. नवऱ्याच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो आपल्या पायानंच बाहेर यावा लागतो, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून हरिबा पाळतीवर बसला. जेवताना तो स्वतःच्या ताटात बघेना, भावाच्या ताटात बघे. म्हाळू दीड भाकरी खाऊन उठायचा, हरिबा तीन खायचा. शहाण्या माणसाचा संशय इथंच फिटला असता, हरिबाचा दुप्पट झाला. एवढं पोट आणि एवढीच भाकरी? म्हणजे गडी बाहेरून खाऊन येतो, आणि भावासमोर साळसूदपणे आवरतं घेतो.

मग त्यानं एक अख्खा दिवस म्हाळूची पाठ धरली. सकाळी म्हाळूनं बटण दाबून मोटार चालू केली आणि पाटाच्या कडेला बसला. शेजारचा शेतकरी आला, चहा झाला. कारखान्याचा माणूस ऊस बघायला आला, चहा झाला. मग एम-एटीला किक मारून म्हाळू मांडवगणला गेला, खताच्या दुकानासमोर बाकड्यावर बसला. तिथं भजी आली आणि भज्यांवर पुन्हा चहा आला. घरी परतला तर त्याची पोरगी पूनम टीव्हीपुढं बिस्किटाचा पुडा घेऊन बसलेली. भावजय धुरपदानं त्याच्यापुढंही कपबशी ठेवली. कारखान्याकडून सभासदाला स्वस्तात साखर मिळायची. तिचं पोतं कोपऱ्यात उभं होतं, आणि धुरपदा मुठीनं साखर टाकायची, कारण तिचं सारं लहानपण गुळाच्या खड्यासाठी झुरण्यात गेलं होतं.

हरिबानं हे सगळं पाहिलं आणि त्याला काहीच दिसलं नाही. तो चोरी शोधत होता. दिवसभरात भाऊ फर्लांगभरही चालला नाही, हे त्याच्या नजरेसमोर घडलं. पण चालणं हा काही माल नव्हे की तो कमी पडला म्हणून कुणी बोंब मारावी. हरिबा रिकाम्या हातानं परतला आणि त्याची खात्री पटली की भाऊ पक्का आहे, माग ठेवत नाही.

तरी त्यानं आणखी काही वर्षं गिळून काढली. म्हाळू दर जेठाला आणखी रुंद दिसे. रोज बघणाऱ्याला कळत नाही, आठ महिन्यांनी बघणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतं. शेवटी पूनमनं घात केला. तीही गुबगुबीत झाली होती, आणि तिच्याच वयाचा हरिबाचा पोरगा बिरदेव तिच्याशेजारी उभा राहिला की सोटा दिसायचा. माझ्या लेकराच्या तोंडचा घास, असं हरिबाच्या मनात आलं, आणि त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना.

त्यानं चार माणसं बोलावली आणि वाटणी मागितली.

म्हाळूला आधी चेष्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. "दादा, काय खाल्लं म्या? ह्या मान्सांम्होरं सांगा."

"म्या कशाला सांगू? तुझं प्वाटच सांगतंय."

माणसं हसली. म्हाळूनं नकळत दोन्ही हात पोटावर घेतले, जणू उघडा पडला होता. मग तो आत गेला आणि देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन आला. "बिरोबाचा भंडारा उचलून आन घेतो. तुमचा एक घास जरी खाल्ला आसंल तर देव माझं बघून घील."

हरिबानं झडप घालून वाटी हिसकावली. खोटा भंडारा उचलला की वर्षाच्या आत माणूस जातो. भाऊ चोर आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती, आणि चोर असला तरी तो मरावा असं काही त्याला वाटत नव्हतं. माया होती ती, दुसरं काय म्हणणार? पण त्या मायेनंच म्हाळूचा निर्दोष ठरायचा एकुलता एक रस्ता बंद केला. म्हाळू रिकाम्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, पाटालगतचा तुकडा दादाला द्या, मला वरचा चालंल. त्यानंतर त्यानं भावाशी बोलणं टाकलं. बांधाला बांध होता, पण दोन्ही घरांतून विस्तवही जात नव्हता.

दोन हजार सालानंतर हरिबानंही मेंढरं विकली. कोकणात चरायच्या जागी तारेची कुंपणं आली होती, आणि बिरदेवला काठीपेक्षा रांजणगावच्या कंपनीतली नोकरी बरी वाटली. हरिबा घरी बसला. आता बटण दाबून मोटार तो चालू करू लागला. पाटाच्या कडेला तो बसू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा तो विचारू लागला, आणि विचारलं की स्वतःलाही घ्यावा लागतो.

वर्ष-दीड वर्षातच करदोडा कमरेला रुतू लागला. हरिबाला वाटलं, दोराच आटला असेल. नवा आणला, तोही रुतला. तेव्हा तो वच्छलाबाईकडे रोखून बघू लागला. कालवणात काय टाकतेस? तेल कुठलं? पुड्यातलं तेल बंद करायला लावून त्यानं घाण्यावरचं आणवलं. हायब्रीड ज्वारीवर त्याचा वहीम गेला, मग नळाच्या पाण्यावर गेला. भाकरी तिनाची दीड केली. पोट जागचं हललं नाही.

एके दिवशी आंघोळ करताना त्यानं खाली बघितलं आणि त्याला आपले पाय दिसले नाहीत. तो तसाच ओल्या अंगानं दगडावर बसला. आपण कुणाचं खाल्लं, याचा तो अगदी प्रामाणिकपणे विचार करत होता. आठवून आठवून एकही माणूस सापडेना. मग त्याला पटापट सगळं दिसायला लागलं, बाकडं, कपबशी, एम-एटी, पाटाची कडा. म्हाळूचा तो दिवस त्यानं कधीच बघितला होता.

"म्हाळूकडं जाऊन येतो," कपडे करून तो वच्छलाबाईला म्हणाला.

"जा. लई आजारी हायती म्हनं. शुगर का काय ती झालीय, शिरूरच्या डॉक्टरकडं नेत्यात. मागंच सांगनार हुते, पर तुमाला त्येंचं नाव खपतंय कुठं?"

हरिबा बांध ओलांडून गेला. तेवढ्या चालण्यानंही त्याला धाप लागली. धुरपदानं पदर सावरला, घोंगडं टाकलं आणि आत गेली. बाजेवर म्हाळू पडला होता. आजारानं तो आतून झिजला होता. गाल बसलेले, गळ्याचं हाडूक वर आलेलं, सदऱ्यात आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. समोर हरिबा उभा होता, भरलेला, घामेजलेला, पोट पुढं काढून. आईनं शिकवलेल्या हिशेबानं कुणी त्या दोघांकडे पाहिलं असतं, तर त्यानं हरिबाचंच मनगट धरलं असतं.

हरिबाला ते कळलं. त्यानं काखेतला टॉवेल पोटावर ओढला. येताना मनात बरंच जुळवलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं.

"म्हाळू," हरिबा म्हणाला, "म्या कुनाचं खाल्लं न्हाई रं."

"ठावं हाय दादा," म्हाळू म्हणाला. "मीबी न्हवतं खाल्लं."