ओढ्यापलीकडचा ईस्टर

देवासच्या प्लेगात नवरा आणि दोन्ही दीर एकाच आठवड्यात गेले, तेव्हा जमुनाबाई धार संस्थानातल्या डही गावाकडच्या एका मिशनात स्वयंपाकाला राहिली. धर्म तिने बदलला नव्हता. तरी धारच्या दरबारी नोकरीत असलेल्या भावाने, दत्ताजीने, तिचं नाव टाकलं.

१९०५ साली ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, भर दुपारी, कोठारातून एक उंदीर बाहेर आला. माणसाला भ्याला नाही. तिच्या पायापाशी गोल गोल फिरला, तोंडातून रक्त आलं आणि आडवा झाला. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

मिशनची शाळा आणि प्रार्थना मल्हारराव मास्तर सांभाळत. ती तशीच त्यांच्याकडे गेली.

"मास्तर, यंदा इथे सण नको. लोकांना निरोप धाडा."

"एका उंदरासाठी, अक्का? पाद्रीबाबा चार महिन्यांनी परवा येताहेत. पाड्यांवरची दोनशे माणसं निघालीसुद्धा असतील."

"म्हणून तर सांगते."

"तोंड आवरा जरा. आधीच बोलतात, मिशनात गेलेला माणूस जगत नाही."

शुक्रवारी अकरा उंदीर सापडले, दोन तर वेदीखाली. मास्तरांनी ते स्वतः पुरले आणि गिरजाघरात ऊद जाळला. संध्याकाळी ते उजवा हात अंगापासून लांब धरून चालत होते. जमुनाबाईने ते पाहिलं, पण बोलली नाही.

शनिवारी सकाळी ती गावाबाहेरच्या ओढ्यावर जाऊन पाड्यांकडची वाट अडवून बसली. ढोल वाजवत पहिली टोळी आली. पुढचा म्हातारा म्हणाला, "बाई, रस्ता छोड़ो, परब है."

"गाँव में गाँठ आई है, बाबा."

ढोल थांबला.

दुपारी पाद्रीबाबा घोड्यावरून आले. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"देवासला पाहिलं होतं. तेच आहे."

ते उतरले. सण ओढ्याअलीकडेच, मोहाच्या झाडांखाली होईल असं त्यांनी लोकांना सांगितलं, आणि एकटेच गावाकडे निघाले. जमुनाबाई मागोमाग गेली. मास्तर शाळेत जमिनीवर पडले होते, काखेत लिंबाएवढी गाठ. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हणत त्यांना मरणाआधीचं पवित्र तेल लावलं. रविवारी पलीकडून गाण्याचा आवाज येत राहिला. ती त्यांच्या कपाळावर ओली पट्टी बदलत राहिली. सोमवारी ते गेले. गावात आणखी नऊ जण दगावले. ओढ्यावरून माघारी गेलेल्यांपैकी कोणालाच काही झालं नाही.

मास्तरांची बायको, विनोदिनी, माहेराहून परतली तेव्हा जमुनाबाईने तिला त्या हाताबद्दल सांगून टाकलं.

"शुक्रवारीच कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

विनोदिनी पुढे अठरा वर्षं मिशनातच होती. जमुनाबाईच्या हातचं पाणीसुद्धा तिने कधी घेतलं नाही, आणि जमुनाबाईनेही कधी पुढे केलं नाही.