पासवर्डला 'राव'

नवऱ्याचं नाव घ्यायला लाजल्यामुळे मी एकदा अख्खा साखर कारखाना बंद पाडत आणला होता.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. हे श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर बघायचे. उसाच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडणारं एक नवं खोकं तिथे आलं होतं. त्याला म्हणायचं स्विच. कुणी उगाच हात घालू नये म्हणून ह्यांनी त्याला पासवर्ड लावला.

"बटनाला कुलूप?" सासूबाई म्हणाल्या. "मंग दिवा कसा लावायचा रं?"

"आई, हा स्विच वेगळा!" हे माझ्याकडे वळले. "पासवर्ड माझं पाळण्यातलं नाव आहे. मी नसताना अडलं, तर तू सांग."

"मी कशी सांगू?"

"म्हणून तर ठेवलंय! या घरातून ते कधी बाहेरच पडायचं नाही."

खरंच होतं ते. पाळण्यातलं नाव आजेसासऱ्यांचं. म्हणजे मला ते नवऱ्याचं आणि सासूबाईंना सासऱ्यांचं! त्या पोटच्या पोराला जन्मभर 'बाळ्या' म्हणत आल्या. आणि मी? शाळेत मुलींना स्त्री-पुरुष समानतेवर निबंध लिहायला लावणारी बाई! घरी मात्र 'अहो'.

हंगाम सुरू झाला आणि हे कर्जतकडच्या एका वाडीवर साखरपुड्याला गेले. तिथे फोन नाही. दुपारी आमच्याकडचा फोन खणखणला. काट्यावरचे बबनराव!

"वैनी, लई घोळ झालाय! काटा बंद हाय. कंपनीवाला फोनवर म्हनला, स्विचात जाऊन काट्याची लाइन चालू करा. आन आत जायला पासवर्ड पायजे! ट्रॅक्टर पार हमरस्त्यापत्तुर लागल्यात. सायब म्हनत्यात, खोकं आन ते बसवनारा, दोनी भाईर काढा!"

ह्यांची नोकरी गेली की कारखान्याच्या कॉलनीतलं हे घरही जाणार.

"ह्यांचं पाळण्यातलं नाव टाका," मी म्हटलं.

"काय हाय ते?"

"ते... ज्यांना मोदक आवडतात ना, त्यांच्यावरनं!"

पलीकडे खटखट ऐकू आली. "गणेश टाकलं. न्हाई घेत. आन वैनी, तीनदा चुकलं की ते दारच लावून घेतंय म्हनं!"

नाव सुट्या इंग्रजी अक्षरांत सांगितलं, तर ते घेतल्यासारखं होत नाही, असा मी शास्त्रार्थ काढला. (सासूबाईंनीही मान डोलावली.) एकेक अक्षर सांगितलं.

"न्हाई घेत!"

असं कसं? मग लक्षात आलं. नवऱ्याचा उल्लेख एकेरी कसा करायचा, म्हणून मी शेवटी आर, ए, ओ जोडून दिलं होतं! पासवर्डला 'राव' लावणारी बाई जगात दुसरी नसेल.

"वैनी, आता येकच डाव ऱ्हायलाय. तोंडानं नीट सांगा!"

सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "घे बाई. मी ऐकत न्हाई."

मी डोळे मिटले आणि ओरडले, "गणपत! नुसतं गणपत! राव नाही, काही नाही!" (आत्ता लिहितानासुद्धा मी मागे वळून बघितलं.)

पलीकडे पुन्हा खटखट झाली. मग फोनमधून आरोळी आली, "झालं वैनी! काटा चालू झाला!"

इतकं हायसं वाटलं की हसू आणि रडू एकदमच आलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी हे परतले, ते कारखान्यावरूनच. तिथले ट्रॅक्टरवाले ह्यांना "काय गणपत!" म्हणून हाका मारत होते. आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी भाकऱ्यांच्या परातीत डोकं घालून बसले.

"घेतलंस म्हणे माझं नाव!" हे दारातूनच म्हणाले. तोंडभर हसत होते!

"इलाज नव्हता."

"मी नेमका नव्हतो. पुन्हा एकदा घे की."

नोकरी शाबूत, घर शाबूत, सासूबाई देवळात गेलेल्या. आज घ्यायचंच, असं मी ठरवलं. पदर सावरला, समानतेचा निबंध आठवला आणि सुरुवात केली, "जी... ए... एन..."

आणि काय सांगू! शेवटी पुन्हा आर, ए, ओ लागलंच!