थेंबही न गळणारी जीप

आमची जीप तेल गाळते, हा दोष आहे असे आमच्या घरात कोणालाही वाटत नव्हते. लष्कराच्या लिलावातून आलेली ती जुनी गाडी शेणव्याच्या आमच्या अंगणात जिथे उभी राहायची, तिथे जमिनीवर एक काळे वर्तुळ होते आणि बाबा रोज तिला अचूक त्याच वर्तुळावर आणून लावत. शेजारी त्यावरूनच आमचा ठावठिकाणा ठरवीत. वर्तुळ उघडे दिसले की मंडळी बाहेर, झाकलेले असले की घरी.

दोष काढला तो मुरबाडच्या एका आत्याबाईंनी.

नव्वदचे दशक संपत आले होते. मी ठाण्याच्या एका दैनिकात इतरांनी आणलेल्या बातम्या तपासायच्या कामावर होतो आणि मुलगी बघायला मुरबाडला गेलो होतो. मुलगी मला पसंत होती. तिलाही मी नापसंत नव्हतो (हे तिच्या हसण्यावरून मी ताडले. ती कशाला हसत होती हे नंतर कळले. माझ्या सदऱ्याचे बटण वरखाली लागले होते). चहा घेऊन बाहेर आलो, तर जीपखाली नव्या फरशीवर परातीएवढे डबके! मुलीच्या आत्याने पदर खोचला आणि वाकून पाहिले.

"ही गाडी गळते."

"थोडी," बाबा म्हणाले.

"थोडी? म्हशीनं मुतावं तशी गळते! पोरगा चांगला हाय, साखरपुड्याला जरूर या. पन ही गाडी अशीच आनलीत तर फाटकावरनं परत पाठवीन. सांगून ठेवते!"

मी पदवीधर, नोकरीत कायम, सुपारीचेही व्यसन नाही, आणि माझे लग्न अडले कशावर, तर इंजिनाच्या पॅकिंगवर!

बाबा मात्र वेगळ्याच कारणाने दुखावले. त्यांची सगळी नोकरी भातसानगरला, धरणावर गेली होती. "आख्ख्या मुंबईचं पाणी अडवलं मी," ते वाटभर म्हणत राहिले, "आन ही बाई मला गळती शिकवते?"

"बाबा, मेकॅनिकला बोलवू या."

"मेकॅनिकनं धरण बघितलंय का?"

आमच्या मेकॅनिकने धरण बघितले नव्हते. त्यामुळे साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मामा पान्यांची पिशवी घेऊन आले. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे पत्र्याचे भांडे असते, त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पॅकिंग बसते. आमची पॅकिंग लष्करातून निवृत्त होतानाच मेली असावी. जीपचे नाक जॅकने उचलून लाकडी ओंडक्यांवर टेकवले आणि बाबा खाली सरकले.

"तेल सोडलंस ना रे सगळं?" त्यांनी विचारले.

"सगळं," मी सांगितले.

शेवटचा बोल्ट निघाला आणि चेंबर उरल्यासुरल्या तेलासकट बाबांच्या छातीवर उतरले. त्यानंतर जीपखालून जे शब्द ऐकू आले ते कोणत्याही वर्तमानपत्रात छापता येत नाहीत. चेंबरच्या तळाशी थोडे तेल राहतेच. हा चेंबरचा दोष, माझा नव्हे!

जुनी पॅकिंग खरवडायला पातळ पाते हवे होते. मामांनी स्वयंपाकघरातून आणले. आईने ते ओळखले.

"माझं भाकरीचं उलथनं! दादा, लाज नाय वाटत?"

"अगो, पोराच्या लग्नाचं काम हाय."

"मग तेच घेऊन जा मुरबाडला! सुनेला दाखवा, सासरी यावर भाकरी भाजतात म्हणून!"

नवी पॅकिंग आणली, दोन्ही बाजूंना चिकट शेलॅक फासले, बोल्ट आवळले. इथपर्यंत सर्व ठीक होते. इथेच थांबलो असतो, तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण शेलॅक सुकल्यावर बाबा विहिरीचे पाणी घेऊन आले आणि इंजिनात तेल घालायच्या तोंडातून ते आत ओतू लागले!

"बाबा! इंजिनात पाणी?"

"चाचणी नको? धरणाची चाचणी काय तेलानं करतात? पाणी भरायचं, गळतंय का बघायचं, सोडून द्यायचं. इंजिन कुठं चालू करतोय आपण!"

त्यांनी जीपखाली माझेच वर्तमानपत्र अंथरले. ऊन कलल्यावर तिघांनी ओणवे होऊन पाहिले. पेपर कोरडा! बाबांच्या डोळ्यांत मी प्रथमच पाणी पाहिले. "मी जाताना पाणी सोडून जातो," असे मामांनी सांगितले, हात धुतले, चहा घेतला आणि एसटी पकडली.

सकाळी बाबांनी दाढी करता करता विचारले, "मामानं पाणी सोडलं का रे? बघ."

मी अंगणात गेलो. जीपशेजारी बादली होती. बादली काळ्या पाण्याने काठोकाठ भरलेली होती. मी परत येऊन सांगितले, "सोडलंय. बादली भरलीय."

यात चूक कुठे आहे? मी जे पाहिले तेच सांगितले! आणि बाबांचीही सवय अशी, की धरणाच्या दरवाज्यावरच्या माणसाने पाणी सोडल्याचे कळवले की सोडले. त्यांनी डबाभर नवे तेल आत रिकामे केले. तेल मोजायच्या कांडीवर तेल खुणेच्या फार वर आले, तेव्हा ते खूश झाले. "भरपूर हाय. वाटेत चिंता नाय."

किन्हवली मागे पडली तसे बोनेटखालून कोणी दगड कुटत असल्यासारखा आवाज येऊ लागला. मग एक शेवटचा ठोका, आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. बाबांनी कांडी काढली. तिच्यावरून दुधाळ तपकिरी काहीतरी ओघळले.

मांडीवर पेढे घेऊन बसलेल्या आईने डोकावून पाहिले. "इंजिनात चहा कोनी वतला?"

बाबा माझ्याकडे वळले. "पाणी सोडलं म्हणालास!"

"बादली भरली होती!"

"कसल्या पाण्यानं?"

"काळ्या!"

"अरे, ती बादली मी दिलेली!" आई ओरडली. "हात धुवायला! मामानं त्यात हात धुतले, मग तुझ्या बाबांनी धुतले, मग मी उलथनं धुतलं!"

पुढचा प्रवास एका ट्रॅक्टरला दोराने बांधून झाला. बाबा मान ताठ ठेवून स्टिअरिंग धरून बसले होते, जणू ट्रॅक्टर आम्ही ढकलत होतो. मुरबाडला पोचलो तेव्हा पाहुणे जेवायला बसले होते. मी वरातीआधीच मेलो होतो.

आत्याबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी "जयभीम" केला, दोर पाहिला, ट्रॅक्टर पाहिला. मग घरातून जुने वर्तमानपत्र आणून जीपखाली सरकवले आणि आम्हाला आत घेतले. जेवणे झाली, मी मान खाली घालून बसून राहिलो. आत्याबाई बाहेर गेल्या, वाकल्या, पेपर घेऊन परत आल्या आणि तो सर्वांसमोर उलटसुलट करून दाखवला.

"थेंब नाय! शब्द पाळला मान्सांनी. वाटा पेढे!"

बाबांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू सर्व योजनेप्रमाणेच पार पडले होते.

इंजिन दुरुस्त होईस्तोवर माझे लग्न होऊन गेले. बाकी सगळे विसरले, पण मुरबाडची ती मुलगी विसरायला तयार नाही. आजही झोपण्याआधी ती विचारते, "गॅस बंद केलात?" मी म्हणतो, "केला." त्यावर ती शांतपणे म्हणते, "गॅस बघितलात, का बादली बघितलीत?"

एका जबाबदार पत्रकाराला हे रोज ऐकावे लागते! मी संतापाने उठतो आणि स्वयंपाकघरात जाऊन बघतो. बहुतेक वेळा गॅस चालू असतो.