आई खोली बघून येईपर्यंत

आमच्या घरात प्रवासाला निघताना मुक्कामाची खोली आधी ठरवायची पद्धत नव्हती. गावात पोचायचं, लॉजसमोर गाडी लावायची आणि आई वर जाऊन खोली बघून यायची. तोपर्यंत गाडीतून एक पिशवीसुद्धा बाहेर निघायची नाही. मॅनेजर बिचारा किल्ली घेऊन तिच्यामागे जिना चढायचा. ती चादर उचलून गादी बघायची, उशीचा वास घ्यायची आणि शेवटी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. सिडकोतल्या आमच्या घरी आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही येईलच असं नाही. त्यामुळे भिंतीवरच्या रंगापेक्षा तिचा नळावर जास्त जीव. धार तळहातावर घ्यायची, पुरेशी वाटली की लगेच घट्ट बंद करायची. नळ चालू ठेवणं म्हणजे आमच्याकडे शिवी देण्याइतकं वाईट.

खोली पसंत पडली की ती गॅलरीतून वाकून खाली हाक मारायची, "सामान काढा." नापसंत असली तर मुकाट्यानं खाली येऊन गाडीत बसायची, कारण सांगायची नाही. एकदा माहूरला तिनं इतक्या खोल्या नाकारल्या की मी रागानं रस्त्याच्या कडेला बसकण मारली. बाबा शांतपणे बॉनेटला टेकून उभे. "थांब जरा," ते म्हणाले, "तिला कळतं त्यातलं."

मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, की आईचं विसरणं वयाचं नाही, आजाराचं आहे, आणि ते आता वाढतच जाणार. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन तिची वकिली सुरू केली. तिनं चहात दुसऱ्यांदा साखर टाकली, तर म्हणे मीच सांगितली होती. शेजारच्यांचं फाटक आपलं समजून ती कडी शोधत उभी राहिली, तर म्हणे ऊन लई होतं. माझ्या डोक्यात तिडीक जायची. डॉक्टरांसमोर मान हलवायची आणि घरात असं वागायचं, याला काय म्हणावं?

या उन्हाळ्यात कोकणात जायचं त्यांनीच काढलं. आईला समुद्र बघायचाय, म्हणाले. आई असं काही बोलल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. गाडी मीच चालवणार होते, म्हणून सगळं ठरवायचंही माझ्याकडेच आलं. त्या दिवशी पाणी आलं होतं. बाबा अंगणात ड्रम भरत होते आणि मी पायरीवर बसून मोबाइलवर हॉटेलं बघत होते.

"पहिला मुक्काम वाईला करू," मी म्हणाले. "बुक करून टाकते."

"नको."

"बाबा, मे महिना आहे. लग्नसराई आहे, सुट्ट्या आहेत. ऐनवेळी कुठंच जागा मिळायची नाही."

"मिळती. आजवर मिळालीच ना?"

"आजवरचं सोडा. आईला घेऊन उन्हात दारोदार फिरायचं का?"

त्यांनी पाइप एका ड्रममधून काढून दुसऱ्यात सोडला. "आपण इथूनच खोली ठरवली, तर तुझ्या आईनं तिथं जाऊन करायचं काय?"

माझ्याकडे उत्तर होतं. पंख्याखाली बसायचं, गोळी घ्यायची, झोपायचं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं. स्वयंपाक तिच्या हातून गेला होता. कपाटाच्या किल्ल्या गेल्या होत्या. एवढं एकच काम घरात तिचं म्हणून उरलं होतं, आणि बाबांना ते काढून घ्यायचं नव्हतं. मला हे समजलं, आणि तरीही राग आला. समजल्यामुळे जरा जास्तच आला. पण बुकिंग मी केलं नाही.

वाईत पोचेपर्यंत दुपार कलली होती. पहिल्या लॉजवर जागा नव्हती, दुसऱ्यावर वऱ्हाड उतरलेलं. मागच्या सीटवरून आई विचारत होती, "पैठण आलं का?" तिचं माहेर पैठणचं.

"येईल, येईल," बाबा म्हणत होते. मी आरशात बघायचं टाळलं.

तिसऱ्या लॉजवर दुसऱ्या मजल्यावरची एक खोली रिकामी निघाली. काउंटरवर गर्दी होती. मॅनेजरनं मान वर न करताच सांगितलं, "जिना चढून डावीकडं. दार उघडंच आहे, बघून घ्या." मी आईबरोबर निघाले, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"तिला एकटीला जाऊ दे. ती एकटीच जाती."

आईनं पदर नीट केला आणि जिना चढायला लागली. पाठमोरी ती अगदी पहिल्यासारखी दिसत होती, तीच घाई आणि तोच ताठा. बाबा गाडीपाशी जाऊन बॉनेटला टेकले. मला वाटलं, आपलंच चुकलं, या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. खरंच जीव भांड्यात पडला माझा.

मग वरून एका बाईच्या किंकाळीचा आवाज आला.

आम्ही धावत वर गेलो. आई उजवीकडच्या खोलीत शिरली होती. आत कुटुंब उतरलेलं होतं. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली एक तरुण बाई मुलाला छातीशी धरून उभी होती. मूल झोपेतून उठून भोकाड पसरत होतं, कारण आईनं त्याच्या खालची चादर उचलली होती. नवरा बनियनवर होता आणि त्याचा पारा चढला होता. "दार उघडं दिसलं की घुसता का? चोऱ्या करायला आलात?"

बाबांनी हात जोडले. "माफ करा. चूक आमची आहे. तिला बरं नसतं."

परक्या माणसासमोर काय, घरातसुद्धा हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानं खुंटीवरचा शर्ट अंगात चढवला. आई मात्र शांतपणे बाबांपाशी आली आणि नेहमीच्या ठाम आवाजात म्हणाली, "ही नको ओ. हिच्यात माणसं राहायलीत."

एरवी मी हसले असते. पण तेवढ्यात पायाला पाणी लागलं. न्हाणीघरातला नळ आईनं पूर्ण सोडून तसाच ठेवला होता, बादली भरून वाहत होती आणि पाणी उंबऱ्यावरून खोलीत येत होतं. बाबा आत गेले. त्यांनी नळ बंद केला. पण तोटीवरचा हात काही काढला नाही, तसेच उभे राहिले. शेवटी मीच आत जाऊन त्यांना बाहेर आणलं.

मॅनेजर म्हणाला, तुम्ही दुसरीकडे बघा. आम्ही गाडीत येऊन बसलो. आई खिडकीतून कडबा घेऊन चाललेली बैलगाडी कौतुकानं बघत होती.

"फोन लाव," बाबा समोर बघत म्हणाले. "जिथं मिळंल तिथं बुक करून टाक."

माझंच खरं ठरलं होतं. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. साताऱ्यात एक खोली मिळाली, मी नाव सांगितलं आणि गाडी वळवली.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा खाली उतरले आणि डिकीकडे गेले. आईनं मागं वळून पाहिलं.

"अहो, थांबा की. पिशवीला हात लावू नका. खोली बघून येते मी."

तिनं पदर नीट केला आणि दाराचा खटका शोधायला लागली. बाबा तिच्या दारापाशी आले आणि खिडकीवर हात ठेवून उभे राहिले.

"बघितलीस की तू."

"मी?"

"तूच तर आत्ता बघून आलीस."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांच्या शब्दावर अविश्वास दाखवायची तिला सवयच नव्हती.

"नळाला पाणी होतं का?" तिनं विचारलं.

"होतं."

"मग सामान काढा," आई म्हणाली.